मसूर

शंभर अणूंत एक्कावन्न निकेलचे,
उरलेले टायटॅनियमचे.
हा वरचा एक आहे ना, रोझविथा म्हणते,
त्याच्यावर माझी एकतीस वर्षं पोसली गेली.

बोखुम. विद्यापीठाचं तळघर. भट्टी क्रमांक तीन.
आधी हजार अंशांवर सगळे एकजीव होतात,
कोण हक्काचं, कोण जास्तीचं, कळत नाही.
मग नळी पाण्यात फोडायची. चर्र.
जास्तीचं निकेल जिथल्या तिथे अडकतं,
उठू उठू म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं,
तेवढ्यात ज्याचं पान वाढलं गेलं.

आता पट्टी पोलादी कड्यात वाकवून आवळायची
आणि साडेचारशेवर ठेवायची, निवांत.
घाई नाही. अणू चालतात, पण
चालल्याचं दिसू देत नाहीत.
चार निकेल, तीन टायटॅनियम, असे जमतात,
आणि धातूच्या पोटात बारीक भिंगं उगवतात,
मधे फुगीर, कडांना निमुळती.

लिन्झे, रोझविथा म्हणते.
भिंगालाही तेच, मसुरालाही तेच.
सेरपिल हसते. तिच्या आजीच्या तुर्कीत
भिंग मेर्जेक आणि मसूर मेर्जिमेक,
एका घरातल्या दोन बहिणी.
आजोबा झोंगुल्डाकच्या खाणीतून इथल्या खाणीत आले,
कोळसा तोच, शिव्या फक्त नव्या शिकाव्या लागल्या.
डब्यात आज मसुराचं सूप आहे. वर पुदिना.

वाकलेल्या पट्टीत मसूर कसेही पडत नाहीत.
बाहेरची बाजू ताणलेली, आतली दाबलेली,
त्या त्या कलाने ते आडवे होतात
आणि भोवतीच्या जाळीला चिमटा काढून बसतात,
सोडत नाहीत, तोडतही नाहीत.
कडं काढलं तरी चिमटा तसाच.

म्हणून गरम पाण्यात पट्टी कमान होते,
हवेत ठेवली की सैलावते,
आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली
तर सरळ होऊन थांबत नाही,
पाठ फिरवते. उलटी कमान.
तिला कुणी हात लावलेला नसतो.

तुझ्या वडिलांसारखं, सेरपिल बोलून गेली.
(साठ सेंटिमीटर उंचीच्या थरात बावीस वर्षं,
घरी आले तरी दारात मान आपोआप खाली.)
नाही, रोझविथा म्हणाली. ते निकेल नव्हते.
त्यांची पाठ दुखायची.

शुक्रवारी सेरपिलने आकडा टाकला.
चारच्या जागी सात. सातशे पन्नास.
सोमवारी सकाळी भट्टी उघडली
तेव्हा चौसष्ट तास उलटून गेले होते.

रोझविथाने ओरडायला हवं होतं.
तिने पट्टी घासली, चकचकीत केली,
आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.
बघ म्हणाली.
मसूर नव्हते. एकमेकांना खाऊन
जाड, टोकदार काड्या झालेल्या,
तीन निकेल एक टायटॅनियम,
आपापलं घर थाटून बसलेल्या.
शेजाऱ्याशी ओळीला ओळ जुळत नव्हती,
चिमटा सुटला होता.

गरम पाणी. काही नाही.
नायट्रोजन. वाफ जमिनीवरून सरपटत गेली,
पट्टी तशीच पडून राहिली,
आणि सेरपिलच्या डोळ्यांत पाणी.

नासली का?

नासली कशाला, रोझविथा म्हणाली.
शांत झाली. आपल्याला तशी नको होती, एवढंच.

पाकिटावर तिने तारीख घातली, तापमान घातलं,
कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.
मग डबा उघडला सेरपिलचा, न विचारता,
चमचा तोंडात ठेवूनच म्हणाली,
मीठ कमी आहे,
आणि भट्टीचा आकडा
स्वतःच्या बोटाने चारशे पन्नासवर आणला.